साठ हजारांत सहा हेडफोन: पुण्यातल्या एका व्हॉइस स्टुडिओचं प्रकरण

दोन बूथ, एक एडिटिंग टेबल आणि बाहेर चपला काढायची जागा, एवढाच हा स्टुडिओ. काम मराठी ऑडिओबुकांचं आणि डबिंगचं. पाळ्या दोन, त्यामुळे प्रत्येक हेडफोन दिवसात तीन-चार डोक्यांवर चढतो. नवी खरेदी करायची ठरली तेव्हा मागणी सहा नगांची होती आणि मंजूर रक्कम ६०,००० रुपये. मालकांना उत्तर एका ओळीत हवं होतं: कोणतं मॉडेल घ्यायचं?

खरेदीमागे तीन तक्रारी होत्या. एका पुस्तकाची काही प्रकरणं परत आली, कारण जीभ-ओठांची चटचट आणि खाली सतत एक घुमारा राहून गेला होता. एडिटरच्या कानांवर तो कधी पडलाच नव्हता. दुसरी तक्रार डबिंगची. कलाकाराच्या स्वच्छ ट्रॅकमागे मूळ भाषेतला संवाद पुटपुटल्यासारखा येत होता. तिसरी नेहमीचीच: दर काही महिन्यांनी एखादा हेडफोन एका कानाने मुका व्हायचा आणि गल्लीतल्या दुकानातून मिळेल तो नवा यायचा. एडिटिंगला गेमिंगचा हेडसेट होता, बूथमध्ये मिळेल ते, आणि एक ब्लूटूथही.

ब्लूटूथचा निकाल पहिल्या दहा मिनिटांत लागला. साध्या कोडेकवर (आवाज दाबून ब्लूटूथवरून पाठवायची पद्धत) आवाज कानापर्यंत पोचायला दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज लागतात. स्वतःचा आवाज साधारण २०० मिलिसेकंद उशिरा ऐकू आला की माणूस अडखळतो, अक्षरं लांबवतो, वाचणारा कितीही कसलेला असो. बूथमध्ये वायर हवीच.

परत आलेली प्रकरणं, गळका ट्रॅक आणि मुका कान या तीन तक्रारींना एकच मॉडेल पुरणार नव्हतं. एडिटरला दोष मोठे करून दाखवणारा हेडफोन लागतो आणि तो सहा तास डोक्यावर बसला पाहिजे. बूथमधल्याला बाहेर गळणार नाही आणि स्वतःचा आवाज फुगवून दाखवणार नाही असा लागतो, आणि त्याची वायर खुर्चीच्या चाकाखाली जाणार हे गृहीत धरावं लागतं. म्हणून तुलना मॉडेलांची करायची खरी, पण प्रत्येकाला त्याच्या खुर्चीवर बसवून.

समोर काय होतं

पाच मॉडेलं मागवली. सोनीचा एमडीआर-७५०६, १९९१ पासून बाजारात असलेला: ४० मिलिमीटरचा ड्रायव्हर (आवाज काढणारी चकती), ६३ ओहम (विजेला होणारा रोध), पिळाची वायर कायमची जोडलेली. ऑडिओ-टेक्निकाचे दोन: एटीएच-एम४०एक्स, ३५ ओहम, आणि त्याचा थोरला भाऊ एम५०एक्स, ४५ मिलिमीटर ड्रायव्हर, ३८ ओहम. दोघांचीही वायर फिरवून काढता येते. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो, ८० ओहमचा: मखमली पॅड, ३ मीटर सरळ वायर, तीही कायमची. पाचवा एकेजीचा के२४० स्टुडिओ, अर्धखुला, म्हणजे कानाच्या कवचाला बाहेरून फटी असलेला, ५५ ओहम.

डीटी ७७० हा ३२, ८० आणि २५० ओहमांत मिळतो आणि दुकानदार ‘जास्त ओहम म्हणजे जास्त प्रोफेशनल’ असं सांगून २५० चा खपवतो. इथे ८० ठरवण्याचं कारण साधं गणित होतं. कंपनी ९६ डेसिबल प्रति मिलिवॅट सांगते. ८० ओहमला १ व्होल्ट दिला तर १२.५ मिलिवॅट जातात, म्हणजे साधारण १०७ डेसिबल. ऐकायची पातळी ८० डेसिबल धरली तर ०.०४५ व्होल्ट पुरतो, वर २० डेसिबलची शिखरं धरली तरी अर्ध्या व्होल्टच्या आत. कुठलाही बरा ऑडिओ इंटरफेस (मायक्रोफोन आणि हेडफोन कॉम्प्युटरला जोडणारी पेटी) हे आरामात देतो. २५० ओहमलाही याच हिशेबाने शिखरांसाठी ०.८ व्होल्ट लागतात. तेही बहुतेक इंटरफेसना जमतं, पण कलाकार घरून येताना लॅपटॉप घेऊन येतो आणि त्याच्या पिनेतून आवाज बारीक येतो.

पहिली चूक: मोठा तो चांगला

पहिल्या दिवशी सगळ्यांनी ७५०६ ला पसंती दिली. ‘खुला आवाज आहे’, ‘शब्द पुढे येतात’. त्यांचे कान चुकत नव्हते. इंटरफेसचं बटण मात्र कुणी हलवलंच नव्हतं. छापील आकड्यांवरून १ व्होल्टला ७५०६ साधारण ११८ डेसिबल देतो, एम४०एक्स आणि एम५०एक्स ११३ च्या आसपास, डीटी ७७० चा ८० ओहम १०७. म्हणजे बटण तिथेच ठेवून हेडफोन बदलला की पातळी ११ डेसिबलपर्यंत उडते. पातळीतला थोडासा फरक कानाला बरेचदा ‘जास्त मोठा’ असा वाटत नाही, ‘जास्त स्पष्ट’ असा वाटतो. दुकानात उभ्या उभ्या केलेल्या बहुतेक तुलना इथेच बाद होतात.

पातळी सारखी करायला मोठं यंत्र लागत नाही. ५ मिलिमीटर एमडीएफचा तळहातापेक्षा मोठा तुकडा घ्यायचा, मध्ये मोजणीच्या मायक्रोफोनच्या तोंडाइतकं भोक पाडायचं, मायक्रोफोनचं टोक फळीच्या पृष्ठभागाशी सपाट आणून फटीत ब्लू-टॅक भरायचा. हेडफोनचा एक कान त्या भोकावर बरोबर मध्ये ठेवायचा, वर दर वेळी तेच वजन, म्हणजे दाब सारखा राहतो. ५०० ते २००० हर्ट्झच्या पट्ट्यातला पिंक नॉइज (मोजणीसाठीचा खरखरता आवाज) वाजवायचा, मीटर वाचायचा, कान उचलून पुन्हा ठेवायचा, असं पाच वेळा करून सरासरी काढायची. प्रत्येक हेडफोनचा फरक कागदावर लिहून सॉफ्टवेअरमध्ये तेवढा गेन लावायचा. अर्ध्या डेसिबलच्या आत आलं की पुरे. या फळीवर खालचे स्वर मोजू नयेत. सपाट फळी म्हणजे कान नव्हे, बेसचे आकडे खोटे येतात.

दुसरा घोळ अ‍ॅम्पचा. बूथमध्ये चार जणांना आवाज वाटणारा एक स्वस्त हेडफोन अ‍ॅम्प होता. त्याचा आउटपुट रोध मोजला. १०० हर्ट्झचा शुद्ध स्वर लावला (साधा मल्टिमीटर एवढ्या कमी वारंवारितेवरच एसी व्होल्ट भरवशाने दाखवतो), काहीही न जोडता व्होल्टेज पाहिलं, मग ३३ ओहमचा रेझिस्टर जोडून पुन्हा. व्होल्टेज जवळजवळ निम्म्यावर आलं, म्हणजे अ‍ॅम्पचा स्वतःचा रोधही ३३ च्या घरातला. सूत्र एवढंच: रेझिस्टरची किंमत गुणिले (पहिलं व्होल्टेज भागिले दुसरं, वजा १).

यामुळे काय होतं? ३५ ओहमच्या एम४०एक्सला या अ‍ॅम्पवर जवळजवळ ६ डेसिबल कमी मिळतात, ८० ओहमच्या डीटी ७७० ला ३ च कमी. पातळीचा तोल पुन्हा बिघडला. शिवाय ड्रायव्हरचा रोध सगळ्या स्वरांना सारखा नसतो, बेसच्या अनुनादापाशी तो चढतो, आणि तिथे अशा अ‍ॅम्पवर बेस फुगतो. आउटपुट रोध हेडफोनच्या आठव्या भागाहून कमी असावा हा ठोकताळा म्हणूनच आहे. तुलना थेट इंटरफेसवरून केली आणि बूथच्या अ‍ॅम्पचा खर्च वेगळ्या चिठ्ठीवर गेला.

ऐकलं काय

तुलनेला गाणी वापरली नाहीत. या टेबलावर गाणी येतच नाहीत. परत आलेल्या पुस्तकाचे कच्चे ट्रॅक घेतले आणि मुद्दाम एक वाक्य ध्वनिमुद्रित केलं: ‘चोराने चमचे चोरले, चहा सांडला, झाडाखाली जीवन शिळी शेव खात बसला.’ वाक्य वेडगळ आहे, पण त्यात दंतमूलीय आणि तालव्य ‘च’, ‘झ’ आणि ‘ज’, ‘श’ आणि ‘स’ शेजारी शेजारी येतात. चमच्यातल्या ‘च’ची सिसकारी चहातल्या ‘च’पेक्षा वरच्या पट्ट्यात, साधारण ५ ते ८ किलोहर्ट्झमध्ये असते. हेडफोनचं तिथलं वागणं हे मराठी आवाजाच्या एडिटिंगमध्ये निर्णायक ठरतं. इंग्रजी परीक्षणांमधला ‘एस’चा मुद्दा इथे अपुरा पडतो.

डीटी ७७० ला ८ किलोहर्ट्झच्या आसपास उंचवटा आहे. तोंडाची चटचट त्यात लख्ख दिसते, अगदी दोन शब्दांमधली बारीक ‘चट्’ही. खालच्या बाजूलाही तो भरलेला आहे, त्यामुळे परत आलेल्या ट्रॅकमधला ५० आणि १०० हर्ट्झचा घुमारा पहिल्याच वाक्यात ऐकू आला. गेमिंग हेडसेटवर तो का ऐकू आला नव्हता? तिथे सगळाच आवाज जाड होता. सगळंच घुमत असेल तर घुमारा वेगळा कसा ओळखणार!

त्याच उंचवट्याचा तोटाही लगेच दिसला. डीटी ७७० घालून डी-एसर (सिसकारी दाबणारं साधन) लावणारा एडिटर ‘स’ आणि दंतमूलीय ‘च’ गरजेपेक्षा जास्त दाबतो. मग साध्या स्पीकरवर वाचणारा बोबडा वाटतो, ‘चमचा’ ‘तमता’कडे झुकतो. ७५०६ ही वर चमकदारच आहे, पण त्याचा मधला पट्टा जास्त पुढे असतो, स्वर आणि श्वास यांचं प्रमाण त्यावर बरं कळतं. म्हणून ठरलं असं की चटचट आणि घुमारा डीटी ७७० वर शोधायचा, डी-एसरचा शेवटचा निर्णय ७५०६ वर घ्यायचा. एम५०एक्स मजेदार वाटतो, गाणी ऐकायला सुखद आहे, पण त्याचा बेस या कामाला जास्त होता. एम४०एक्स त्यामानाने सरळ.

चष्म्याची चाचणी करायलाच हवी होती, कारण एडिटर आणि निम्मे कलाकार चष्मा लावतात. ५० हर्ट्झचा स्वर चालू ठेवून चष्मा काढायचा आणि लावायचा. काडीमुळे पॅडखाली फट पडते आणि खालचा स्वर चक्क बसतो. कृत्रिम चामड्याच्या पातळ पॅडवर हे जास्त होतं. मखमली पॅड मुळातच थोडा श्वास घेतो, मऊ असतो, त्यामुळे फरक कमी जाणवतो आणि कानशिलं दुखत नाहीत. त्या फटीतून बेस गेला की एडिटर आवाज वाढवतो, संध्याकाळपर्यंत कान थकतात. ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षिततेची वरची मर्यादा मानली जाते. एडिटिंगला ७५ पुरते.

बूथ: गळती

अमेरिकन ऑडिओबुक बाजारात ऑडिबलच्या एसीएक्स या मंचाचा निकष चालतो: शांततेतला गोंगाट आरएमएस (सरासरी) −६० डेसिबलच्या खाली, सरासरी पातळी −२३ ते −१८ च्या दरम्यान, शिखर −३ च्या आत. इथलं सगळं काम तिकडे जात नाही, तरी मोजपट्टी म्हणून हाच निकष घेतला. कलाकार रोजच्या जागी, मायक्रोफोन तोंडापासून २० सेंटिमीटर, गेन रोजचाच. डबिंगचा मूळ संवाद कलाकाराच्या सवयीच्या पातळीवर कानात सोडायचा आणि अर्धा मिनिट न बोलता बसायचं. जे ध्वनिमुद्रित होईल ती गळती.

के२४० इथे बाद झाला. अर्धखुला असल्याने तो गळणारच, मूळ संवाद शब्दन्‌शब्द ऐकू येत होता. वाईट एवढ्याचंच की कलाकारांना तोच सगळ्यात आवडला होता. बंद हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज हाडांतून आत घुमतो, डोक्यात मडकं घातल्यासारखं वाटतं. अर्धखुल्यात तसं होत नाही.

बंद चौघांमध्ये गळतीचा फरक फार नव्हता. खरी गळती सवयीतून होती. स्वतःचा आवाज नैसर्गिक ऐकू यावा म्हणून बरेच कलाकार एक कान मागे सरकवून बसतात, आणि तो उघडा कान थेट मायक्रोफोनकडे बोलत असतो. त्या अवस्थेत पाच हजारांचा आणि पंधरा हजारांचा हेडफोन सारखेच गळतात. उपाय फुकटचा निघाला: क्यू मिक्समध्ये (कलाकाराच्या कानात जाणाऱ्या आवाजात) सगळं एकाच बाजूला पॅन करायचं आणि सरकवलेला कान मुका ठेवायचा. कोण कुठला कान सरकवतो हे कलाकाराच्या नावापुढे वहीत लिहिलेलं असावं.

एम५०एक्स बूथलाही नको ठरला. बेस फुगल्याने वाचणाऱ्याला आपला आवाज भारदस्त वाटतो, मग तो नकळत खालच्या पट्टीत आणि हळू बोलू लागतो. एम४०एक्सवर हे कमी झालं.

टिकाऊपणा: आधी काय तुटतं

ड्रायव्हर क्वचित जातो. जुन्या मुक्या हेडफोनांचा ढीग उघडून पाहिला तेव्हा जवळजवळ सगळं दुखणं पिनपाशी किंवा वायर कानात शिरते तिथे होतं. बाकीचं पॅडचं.

पॅडचं कृत्रिम चामडं बहुधा पॉलियुरेथेनचं असतं. दमट हवा, घाम आणि डोक्याचं तेल यांनी त्याचा थर मोडतो आणि काळ्या पापुद्र्यांनी गालावर मिशा उगवतात. खोबरेल लावून येणाऱ्याला कोण थांबवणार? २०२० नंतर आणखी एक सवय लागली, दर कलाकारानंतर स्पिरिटने पुसायची. त्याने हे चामडं कोरडं पडून तडकतं. ओल्या, पिळलेल्या कापडाने पुसावं आणि सुकू द्यावं. मखमली पॅड काढून कोमट पाण्यात साबणाने धुता येतात, सावलीत पूर्ण वाळायला पावसाळ्यात दोन दिवस लागतात, म्हणून एक जोडी जादा ठेवावी लागते.

वायरचं एक दुखणं जवळून पाहण्यासारखं आहे. कलाकार म्हणतो, ‘दादा, माझाच आवाज येत नाहीये, मागचं म्युझिक मात्र येतंय.’ इंजिनिअर मायक्रोफोन तपासतो, प्रीअ‍ॅम्प तपासतो, अर्धा तास जातो. दोष पिनेत असतो. तिथे अर्थची (दोन्ही कानांची सामाईक) तार तुटली की दोन्ही ड्रायव्हर डाव्या आणि उजव्या चॅनलच्या मध्ये एकापाठोपाठ एक जोडले जातात आणि फक्त दोहोंतला फरक ऐकू येतो. निवेदकाचा आवाज मोनो, दोन्हीकडे सारखा, तो शून्य होतो. स्टिरिओ संगीत पोकळ होऊन उरतं. मल्टिमीटरने एका मिनिटात कळतं. चांगल्या ७५०६ मध्ये पिनेचं टोक ते बूड ६० ओहमच्या आसपास आणि टोक ते मधलं कडं त्याच्या दुप्पट दिसतं. अर्थ तुटली असेल तर पहिलं वाचन उघडं, दुसरं मात्र शाबूत. (नवा नग घेतानाही हे वाचन घ्यावं. या मॉडेलची नक्कल बाजारात फिरते, आणि आकडा भलताच निघाला तर पुढे जाऊ नये.)

दुरुस्ती अशी. तुटीपासून ४ सेंटिमीटर मागे वायर कापायची. नव्या पिनेचं झाकण आणि हीट-श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) आधी वायरीत ओवायचं, हे विसरून सगळं पुन्हा उकलायची वेळ प्रत्येकावर एकदा येते. बाहेरचं आवरण १२ मिलिमीटर सोलायचं. आतल्या तारा केसांसारख्या बारीक, दोऱ्यासोबत वळलेल्या आणि रंगीत इनॅमल चढवलेल्या असतात. त्या नुसत्या पिळून सोल्डर मारलं तर चिकटल्यासारखं दिसतं पण जोड होत नाही. फ्लक्स लावून ३८० ते ४०० अंशांच्या टोकावर कथलाच्या थेंबात तार धरून ठेवायची, इनॅमल जळून धूर निघतो आणि तार चंदेरी होते. मग टोकाला डावा, मधल्या कड्याला उजवा, बुडाला अर्थ. शेवटी पिनेचे पंजे आवरणावर दाबायचे, तारांवर नाही.

हिशेब आणि निर्णय

भाव सारखे हलतात. हिशेबापुरते गोल आकडे असे धरले: डीटी ७७० १४,५००, ७५०६ ९,०००, एम४०एक्स ८,५००. सहाचे सहा एम४०एक्स घेतले असते तर ५१,००० त काम झालं असतं आणि मालकांना हवी ती एक ओळही मिळाली असती.

घेतले पाच. एडिटिंगच्या दोन पाळ्यांसाठी दोन डीटी ७७०, म्हणजे २९,०००. प्रत्येक एडिटरला स्वतःचा, कारण डोक्याची पट्टी दर पाळीला ओढून-ढकलून लावली की खाचा झिजतात. दोन बूथना दोन एम४०एक्स, १७,०००. दोघा एडिटरांत तपासणीसाठी एक ७५०६. बेरीज ५५,०००. सहाव्याचे उरलेले ५,००० सुट्या भागांवर: मखमली पॅडची एक जोडी, एम४०एक्सची एक जादा वायर, चार चांगल्या पिना, फ्लक्स, हीट-श्रिंक. मालकांना हे पटायला वेळ लागला. सहा मागितले आणि पाच आले, वर पिशवीभर पिना. पण जुन्या ढिगाऱ्यात फेकलेले बहुतेक नग शंभर-दीडशे रुपयांच्या पिनेने जगले असते.

डीटी ७७० ची वायर निघत नाही हा त्याच्याविरुद्धचा खरा मुद्दा आहे. तो मान्य करूनच घेतला. एडिटरचं टेबल स्थिर असतं, तिथे वायर टेबलाच्या कडेला क्लिपने अडकवली की ताण कानापर्यंत पोचत नाही. बूथमध्ये हा हेडफोन दिला असता तर प्रत्येक वायरतुटीला कान उघडून आत सोल्डर मारावं लागलं असतं.

सहा महिन्यांत अपेक्षेप्रमाणे पहिली बळी गेली ती बूथमधली वायर, खुर्चीच्या चाकाखाली. जुनी पिळून काढली, जादा लावली, ध्वनिमुद्रण पाच मिनिटांत पुन्हा सुरू. अडचण त्यानंतर आली. एम४०एक्सच्या कानातली जोडणी २.५ मिलिमीटरची आणि फिरवून अडकणारी आहे, गल्लीतल्या दुकानातली साधी २.५ ची वायर त्या अरुंद खोबणीत नीट बसत नाही, बसली तरी अडकत नाही आणि मान वळवली की निसटते. त्या खोबणीची वायर मागवून यायला आठवडा लागला आणि तोवर दुसऱ्या बूथला जादा वायर नव्हतीच. सुट्या भागांच्या यादीत आता ‘एम४०एक्स वायर’पुढे १ खोडून २ लिहिलं आहे, आणि बूथमधल्या खुर्च्यांची चाकं काढून खाली रबरी बुचं लावली आहेत.